कॉपीमुक्त

प्रिय सुधामामा,

पुस्तक उघडलं. एकदाचं! आणि उघडल्यावर जे कळलं ते तुम्हाला सोडून दुसऱ्या कुणाला सांगू? म्हणून लिहून राहिले.

तुम्ही म्हणाल, हिला मराठीत पत्र कधीपासून लिहिता यायलं? नांदेडच्या इंग्लिश मीडियमची पोरगी, 'एकोणसाठ' म्हटलं की अजून डोळे वर करून हिशोब करते. चुका होतील. होऊ द्या. तुमचं लाल पेन आता कुठून येणारंय?

बारावीनंतर आईने मला लातूरला तुमच्याकडे आणून टाकलं तो दिवस आठवतो का? खाली हणमंतकाकांची खाणावळ, वर तुमच्या दोन खोल्या. गल्लीत सगळ्या खांबांवर रँक आलेल्या पोरांचे फोटो. तुम्ही क्लासमध्ये झूलॉजी शिकवायचे. भावाची पोरगी नापास झाली तर लोक हसतात, बहिणीची झाली तर मामाला हसतात, असं आई म्हणाली होती. हसले पण! सगळं लातूर डॉक्टर होऊन राहिलं होतं, आणि तुमच्याच घरातली मी नीटच्या परीक्षेत दुसऱ्यांदा पण पास झाले नाही.

पण मी तुम्हाला त्यापेक्षा मोठी गोष्ट सांगितली होती. गच्चीवर हणमंतकाकांच्या मिरच्या वाळत होत्या. तुम्ही त्या परतत होते. मी म्हणाले, "मामा, मला मुली आवडतात."

तुम्ही शिंकले. मग म्हणाले, "नक्की हाय, का डाउट हाय?"

"नक्की आहे."

"मग ठीक," म्हणाले आणि परत मिरच्या परतायला लागले. बस! मी रात्रभर रडायची तयारी करून आले होते, मामा.

दुसऱ्या दिवशी क्लासला निघताना चप्पल घालता घालता तुम्ही हळूच विचारलं, "हे कुठं लिहिलेलं हाय का गं? म्हणजे पुस्तकात? रेफरन्स पाहिजे."

"तुम्हाला कशाला रेफरन्स?"

तुम्ही जिन्याकडे पाहिलं. खालून हणमंतकाकांचा आवाज येत होता, कुणातरी पोराला ओरडत होते, "अरे वरण घे की अजून, बापाच्या घरी लाजतोस का?" तुम्ही तसंच पाहत राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढी वर्षं सुट्टीत येत होते तुमच्याकडे! दोन खोल्या, एकात पुस्तकं आणि कणग्या, दुसऱ्यात तुम्ही दोघं. मला कधी प्रश्नच पडला नव्हता. आमच्या घरात कुणालाच पडू दिला नव्हता कुणी.

मग मी शोधायला लागले. तिकडे परदेशात जून महिन्यात आपल्यासारख्या लोकांचा सण असतो, तेव्हा एका लायब्ररीने आपल्या इतिहासाची पुस्तकं फुकट वाटली होती. फोनवर, सगळ्या जगाला. मी किती नाचले! तुमच्या नावाने खातं उघडून दिलं.

फुकट म्हणे! आधी ईमेल मागितला, मग जन्मतारीख, मग एक ॲप, मग त्या ॲपला चालवायला अजून एक ॲप. पान कॉपी करायला गेलं तर नाही. प्रिंट नाही. स्क्रीनशॉट काढला तर काळं पान. मोठ्याने वाचून दाखवायचं बटण होतं, ते पण बंद. दुसऱ्या फोनवर उघडत नाही. आणि थोड्या दिवसांनी पुस्तक आपोआप परत जाणार. ज्या लोकांनी अख्खा जन्म कुलपात काढला त्यांचा इतिहास, आणि त्यालाही कुलूप! कुणापासून वाचवायलेत? माझ्यापासून? तुमच्यापासून?

मी चिडून म्हणाले, "मामा, हे कॉपी प्रोटेक्टेड आहे."

तुम्ही एवढे हसले! "म्हणजे कॉपीमुक्त म्हण की! आमच्या भरारी पथकासारखं."

आणि मग चाकूरच्या शाळेतले किस्से. परीक्षेत कॉपी पकडायला जायचे तुम्ही. खिडकीला लटकलेले पोरांचे काके-मामे, मोज्यातल्या चिठ्ठ्या. आणि तो हाताला पट्टी बांधून आलेला पोरगा! तुम्ही विचारलं, "कुठं लागलंय रे?" आणि तो म्हणाला, "सर, पाठांतरात." पट्टीत अख्खा धडा होता. हणमंतकाका जिन्यातून ओरडले, "सोडलं का न्हाई त्याला?" तुम्ही म्हणाले, "न्हाई. कॉपी ती कॉपी."

तुम्ही कुणालाच सोडलं नाही, मामा. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मग मी नांदेडला परत आले, बी.ए.ला बसले. फोन केला की हणमंतकाका सांगायचे, "सर रोज वाचून दाखवायलेत. दुपारी खाणावळ झाकली की. इंग्रजीचं मराठी करून सांगतेत. लई रंगलंय." मी इकडे हवेत! माझ्या एका खटपटीने लातूरच्या दोन म्हाताऱ्यांना त्यांचा इतिहास मिळाला म्हणून मैत्रिणींना सांगत फिरले.

दिवाळी झाली आणि तुम्ही आजारी पडले.

आयसीयूच्या दाराशी तो वॉचमन होता ना, सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा. "पेशंटचे कोण?" दादामामा म्हणाले भाऊ, आत. आई म्हणाली बहीण, आत. मी भाची, आत. हणमंतकाकांना विचारलं. त्यांच्या हातात तुमचा डबा होता, बिनमिठाचं वरण. ते म्हणाले, "ओळखीचा."

"घरच्यांनाच सोडतो. तिकडं बसा."

तिकडे म्हणजे पायऱ्यांवर. तुम्ही गेले तेव्हा ते तिथेच होते. आत मी होते, जी नांदेडहून नुसता फोन करायची. मी का नाही ओरडले? आई का नाही ओरडली? आणि तुम्ही, शुद्धीवर होते तोवर तुम्ही का नाही म्हणाले की त्याला बोलवा? तुमचा चष्मा कुठंय ते विचारलं. क्लासच्या बॅचचं विचारलं. त्याचं नाही!

मग तेराव्यापर्यंतचं सांगू का? ऐका. ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात चूल पेटवायची नसते. सोयऱ्यांनी शिजवून आणायचं, त्या घरच्यांना बसवून खाऊ घालायचं. कडू घास. मला हा शब्द तेव्हा कळला, दादामामांच्या तोंडून. ते हणमंतकाकांना म्हणत होते, "तुमची खाणावळ हायच की. कडू घासाचं तुम्हीच बघा. तेराव्याचं पण."

आणि त्यांनी बघितलं! ज्याचं माणूस गेलं त्यानेच पिठलं हाटलं, भाकरी थापल्या आणि आम्हाला वाढलं. आम्ही मांडी घालून खाल्लं. कुणीतरी मीठ मागितलं. चौकात तुमचा फ्लेक्स लागला, भावपूर्ण श्रद्धांजली, खाली शोकाकुल म्हणून सगळ्यांची नावं, पार दादामामांच्या व्याह्यांपर्यंत. शेवटी 'व समस्त मित्रमंडळ'. त्या 'व समस्त'मध्ये ते असतील, मामा. शोधून घ्या.

निघताना ते माझ्यापाशी आले. मला वाटलं रडतील. त्यांनी विचारलं, "बाई, त्या पुस्तकात पुढं काय झालं गं? ऱ्हायलंय थोडं. तू वाचून दाखवशील का?"

त्यांनी कुणाकडे काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. एवढं तरी करावं ना?

माझ्या फोनवर नवीन खातं उघडेना, फुकटचा जून संपला होता. तुमच्या खात्यात जायला ओटीपी, आणि तो जाणार तुमच्या नंबरवर. लायब्ररीला लिहिलं. उत्तर आलं, खातं हस्तांतरणीय नाही, सदस्य वारल्यास कायदेशीर वारसाने संपर्क करावा. कायदेशीर वारस! म्हणजे दादामामा. दुसऱ्या देशातलं मशीन, तुमच्या लोकांचा इतिहास छापणारं, तेही त्या वॉचमनसारखंच बोललं. पेशंटचे कोण?

मी महिने घालवले. मग कळलं, दादामामांनी खोल्या विकायला काढल्या, हणमंतकाका सोमवारी गावाकडे चालले. भूकंपानंतर वसवलेल्या त्यांच्या नव्या गावात, चुलत पुतण्याकडे. मग मात्र मी शनिवारी सकाळीच दादामामांच्या दारात उभी राहिले. तुमचं सिम त्यांनी जुन्या फोनमध्ये घालून ठेवलंय, बँकेचे मेसेज येतात म्हणून.

"कसला ओटीपी?"

"मामांच्या पुस्तकाचा."

"झूलॉजीचं?"

"इतिहासाचं."

"त्याला कधीपासून इतिहास लागला?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत आहे, मामा. सगळं माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत होतं!

मामी आतून म्हणाल्या, "देऊन टाका की ओ. गेलेल्या माणसाच्या पुस्तकात काय ऱ्हायलंय आता?"

त्यांनी एकेक आकडा असा वाचला, जसं काही अंगातलं रक्त देऊन राहिलेत. मग म्हणाले, "झालं की बंद करून टाक ते खातं. त्याचं काही चालू ठेवायचं न्हाई. खोली पण रिकामी करायलाय तो खाणावळवाला."

तो खाणावळवाला! दर दिवाळीला त्यांच्या शंकरपाळ्यांचा डबा याच घरात रिकामा व्हायचा.

तिथेच, त्यांच्या पायरीवर बसून मी तुमचं खातं उघडलं. आणि काय दिसलं? तुमची खूण पहिल्या चाप्टरच्या शेवटी. पुस्तक मुदत संपून जूनमध्येच परत गेलेलं. खाली एक बटण, 'पुन्हा घ्या'. एक बटण, मामा! ते तुम्ही कधी दाबलंच नव्हतं.

मग दिवाळीपर्यंत रोज दुपारी तुम्ही वाचत काय होते?

मी बटण दाबलं, पुस्तक आलं, आणि मी खाणावळीत गेले. सोबत आईने दिलेला डबा होता. नांदेडहून निघताना तिने तो माझ्या बॅगेत घातला होता. पिठलं आणि भाकरी. "हणमंतरावांना दे," म्हणाली. "म्हणावं, उशीर झाला." पदर डोळ्याला लावला आणि आत गेली. तुमची बहीण तेवढं तरी बोलली. तुम्ही असताना बोलली असती तर काय झालं असतं?

खाणावळीत पातेली पोत्यात बांधलेली. हणमंतकाकांनी डबा उघडला, पाहिलं, परत झाकला. डबा मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "वाच."

मी दुसऱ्या चाप्टरपासून सुरू केलं. लंडनचं कोर्ट, दोन पुरुषांना उभं केलंय, साक्षीदार बोलतोय. माझं मराठी अडखळत होतं. ते हाताची घडी घालून ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "हे न्हाई."

"काका, हेच आहे."

"न्हाई गं बाई. सरांनी वाचलेलं येगळं व्हतं. जॉन आन पीटरचं."

पुस्तकात शोधायचं बटण तेवढं चालू होतं. मी शोधलं. तसला जॉन नाही, तसला पीटर नाही. मी म्हणाले, "काका, तुम्हीच सांगा बरं, काय होतं त्यात?"

आणि त्यांनी सांगितलं. पीटर म्हणून एक जण होता. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे जमीन हलली आणि त्याच्या घरचे सगळे दगडा-मातीखाली गेले. जॉन म्हणून एक कॉलेजचा पोरगा होता, तो ढिगारे उपसायला आला. त्याने पीटरला बाहेर काढलं. पीटर बोलायचा नाही, तर जॉन त्याच्याशेजारी बसून बेडकाच्या हृदयात किती कप्पे असतात ते सांगायचा. मग पत्र्याचे शेड आले. जॉनने चाकूरला नोकरी धरली आणि सुट्टीला सुट्टी शेडात यायला लागला...

मी तोंडात पदर, म्हणजे ओढणी, कोंबून बसले होते. मला हसू येत होतं आणि रडू पण.

काका हसले. "मला काय कळंना का? इंग्लंडात पत्र्याच्या शेडात कोन ऱ्हायलंय? आन गणपती कुठला तिथं? आन तो पीटर भाकरी थापायलाय म्हणं!"

"मग तुम्ही बोलला का नाही त्यांना?"

"बोललो असतो तर वाचायचं बंद केलं असतं त्यांनी."

मामा! तीस वर्षं एका ताटात जेवले तुम्ही दोघं. भरदुपारी, दार लावलेलं, दोघंच. आणि तरी तुमच्या तोंडून तुमचं नाव निघू नये? इंग्रज आणावे लागले? आयुष्यभर पोरांच्या मोज्यातून चिठ्ठ्या काढल्या, आणि स्वतः मात्र हातात बंद केलेला फोन धरून, काळ्या स्क्रीनकडे बघत, पट्टीत धडा लपवलेल्या त्या पोरासारखे! कुठं लागलंय सर? तुम्हाला पकडायला कुठलं पथक आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

पण खरं लागलं ते पुढचं.

काका म्हणाले, "एक तेवढं पुस्तकात चुकीचं व्हतं." शेड वाटणारा कारकून आला होता. एका शेडात एक घर, नावं लिहून घेत होता. पीटर एकटाच उरलेला, पण जॉन तिथे चटई टाकून बसलेला. कारकुनाने विचारलं, "हा कोण तुझा?" पीटरच्या तोंडून शब्द फुटेना. मग जॉनच बोलला.

"काय बोलला?"

"पुस्तकातला जॉन म्हनला, 'मी ह्याच्या घरचा माणूस हाय.'" काका डब्याकडे बघत म्हणाले. "सर तवा म्हनले व्हते, 'ओळखीचा.'"

ओळखीचा! तो शब्द तुमचा होता, मामा. दवाखान्याच्या दारात त्यांनी तुमचाच शब्द वापरला. त्यांना वाटलं, तुम्हाला तेच उत्तर चालतं. तुम्ही सुधारलेलं उत्तर सांगितलं, पण जॉनच्या नावावर. पेपर मात्र जुन्याच उत्तराने तपासला गेला, आणि ते पायऱ्यांवर बसले.

मला तुमचा राग येतो. एवढं बरोबर उत्तर माहीत होतं तुम्हाला! ते एकदा, एकदाच, दादामामांसमोर, आईसमोर, त्या वॉचमनसमोर म्हणायचं होतं की! तीस वर्षांत एवढा पण पेपर सोडवता आला नाही? आणि राग येतो तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. शिकवून शिकवून घसा बसलेला माणूस, दुपारी दार लावून, ज्याला उत्तर द्यायचं राहिलं त्यालाच देऊन राहिलाय. जॉनच्या तोंडून का होईना.

मी काकांना म्हणाले, "मी लिहू का हे? मराठीत. कुलूप न लावता. कुणीही वाचेल, कुणीही कॉपी काढेल, झेरॉक्सच्या दुकानात ठेवेन मी."

ते म्हणाले, "लिही. पण नाव टाकू नको. मला पुतण्याकडं ऱ्हायचंय. गाव हाय ते."

मी हो म्हणाले. कुलूपवाल्यांना एवढ्या शिव्या घातल्या मी, आणि पहिलं कुलूप मलाच लावावं लागलं. म्हणून या पत्रातही ते हणमंत नाहीत. तुम्ही सुधाकर नाही. बघा, मी पण इंग्रज आणलेच की शेवटी. फरक इतकाच, माझे इंग्रज लातूरचे आहेत.

सोमवारी मी त्यांना औशाच्या एसटीत बसवलं. कंडक्टरने पोतं वर टाकताना विचारलं, "आजोबा, ही कोण तुमची?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याआधी बोलले, "घरची आहे."

कंडक्टरला काय फरक पडणार होता? त्याने तिकीट फाडलं. पण काकांनी खिडकीतून धरलेला माझा हात एसटी सुटेपर्यंत सोडला नाही.

तर वचन देते ते हे. तुमचं खातं बंद करणार नाही, दादामामा काहीही म्हणोत. मी त्या गावाला जात राहीन आणि जॉन-पीटरचं राहिलेलं काकांकडून ऐकून लिहीन, दोन्ही उत्तरांसकट, तुम्ही दिलेलं आणि द्यायला पाहिजे होतं ते. काका म्हणतील त्या दिवशी नावं घालीन, त्याआधी नाही. आणि उद्या माझ्या शेजारी जी कुणी चटई टाकून बसेल, तिच्याकडे बोट दाखवून घरमालकाने, कारकुनाने, दवाखान्यातल्या वॉचमनने, तुमच्या दादाने जरी विचारलं, ही कोण, तर मी पहिल्या झटक्यात बरोबर उत्तर देईन. तुमच्याकडून कॉपी केलेलं. पकडायचं तर पकडा.

तुमच्या घरचं माणूस,
तुमची भाची
नाव तुम्हाला माहीत आहे